नेहमीचंच आहे!

१९८४ साली मी बँकेत लागलो आणि माझी पहिली नेमणूक पैठण तालुक्यातल्या एका खेड्यात झाली. तेव्हा आमचे शहर औरंगाबाद होते. आता ते छत्रपती संभाजीनगर झाले आहे. पीककर्जाचे कागद इंग्रजीत, बारीक टायपात छापलेले असत. कर्जदाराची सही मराठीत असली किंवा अंगठा असला, की खाली एक रबरी शिक्का मारायचा: 'वरील मजकूर मला मराठीत वाचून दाखवला, समजावून सांगितला व तो मला मान्य आहे.' शिक्का मारणारा मी. वाचून किती जणांना दाखवला, हे मात्र विचारू नका. पेरणीच्या तोंडावर दारात रांग लागलेली असे.

एकदा एक म्हातारे जामीनदार अंगठा उमटवता उमटवता थांबले. म्हणाले, "सायेब, ह्याच्यात काय लिव्हलंय?" मी मान वर न करता म्हणालो, "काही नाही बाबा, नेहमीचंच आहे."

दोन वर्षांनी कर्जदार थकला आणि वसुलीची नोटीस म्हाताऱ्याच्या घरी गेली. ती घेऊन ते बँकेत आले. आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाले, "सायेब, तुमी तर नेहमीचंच म्हनला व्हता."

हे सारे आठवायला कारण घडले ते गेल्या वर्षी. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात साजशृंगार करणाऱ्या राजकन्येचे एक भित्तिचित्र आहे. त्याचे छायाचित्र आणि सोबत चार ओळी मी समाजमाध्यमावर टाकल्या. तासाभरात ते गायब! वर सूचना आली: तुम्ही मान्य केलेल्या अटींचा भंग झाला आहे. कोणती अट? उत्तर नाही. फेरविचाराचा अर्ज केला, तर दोन मिनिटांत तो फेटाळलाही गेला. इतक्या वेगाने तर आमच्या बँकेत साधी पोचपावतीही मिळत नसे. हे काम माणसाचे नव्हे, यंत्राचे.

शेजारी नात बसली होती. म्हणाली, "आजोबा, सुरुवातीला 'आय ॲग्री' दाबलं होतं ना तुम्ही?"

"दाबलं होतं. तू वाचतेस का गं ते सगळं?"

"छे! त्यात काय वाचायचं? नेहमीचंच असतं."

मी गप्प झालो. ज्या जागी एकदा तो म्हातारा उभा होता, तिथे आता मी उभा होतो.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचे तेरावे कलम बँकेच्या परीक्षेसाठी आम्ही घोकले होते. दोन पक्षांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली, तर ती संमती, असे ते कलम सांगते. 'मी वाचलेच नव्हते' ही सबब न्यायालयात सहसा टिकत नाही, हेही खरे. पण पानेच्या पाने अटी आणि खाली एक बटण; दाबले नाही तर दार बंद. याला संमती म्हणायचे की नुसता अंगठा?

बंदी आमच्या भागाला नवी नाही. १९३८ साली आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' साप्ताहिक काढले आणि निजाम सरकारने त्यावर बंदी घातली. ती बंदी अन्यायाचीच होती. पण ती कोणी घातली हे सगळ्यांना ठाऊक होते.

पुढची गोष्ट आपल्याच राज्यातली. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर काही लिहिले. दुसरीने त्याला नुसती पसंती दर्शवली. दोघींनाही अटक झाली. त्या प्रकरणात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम लावले गेले. पुढे श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केले. 'त्रासदायक', 'गैरसोयीचे' अशा मोघम शब्दांवर माणसाला तुरुंगात टाकता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले.

आता गंमत पाहा. कायद्यातले मोघम शब्द गेले. पण 'आक्षेपार्ह', 'अयोग्य' असले तितकेच मोघम शब्द कंपन्यांच्या अटींमध्ये सुखाने नांदत आहेत. ते टिकून आहेत ते आपल्याच होकारावर.

कंपन्यांनी काहीच काढू नये, असे मी म्हणणार नाही. मे २०१८ च्या दंगलीत या शहरात दुकाने जळताना आम्ही पाहिली आहेत. अशा रात्री एखादा खोटा निरोप कोणी अडवला, तर ते उपकारच. प्रश्न एवढाच, की अडवणाऱ्याने कारण सांगावे की नाही?

सांगावे, असे आपले नियमही म्हणतात. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मोठ्या समाजमाध्यम कंपनीने स्वतःहून मजकूर काढताना कारण कळवायचे आणि म्हणणे मांडायची संधी द्यायची. तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. त्याचा निर्णय पटला नाही, तर सरकारने नेमलेल्या अपील समितीकडे तीस दिवसांत दाद मागता येते. २०२२ च्या दुरुस्तीने तर या अटी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या आपल्या पसंतीच्या भाषेत मिळण्याची सोय केली. त्यात मराठी आहेच. माझ्यासारख्या सुशिक्षित माणसाला यातले काही ठाऊक नव्हते.

मी तक्रार अधिकाऱ्याला लिहिले. अकराव्या दिवशी राजकन्या परत आली. आनंद झाला; पण ती का गेली आणि का परत आली, ते आजतागायत कोणी सांगितलेले नाही.

त्या रविवारी नातीला घेऊन बसलो. म्हटले, आता या अटी मोठ्याने वाच. तिने वाचायचे, मी अडवायचे: म्हणजे काय? कोण ठरवणार? चुकले तर दाद कुठे? पहिल्याच पानाला अर्धा तास लागला. ती कंटाळली, पण उठली नाही.

अर्धा तास. त्या म्हाताऱ्याचा कागद वाचून दाखवायला मला तेवढाच वेळ लागला असता.