तणनाशक मुळाशी राहावे, विहिरीत उतरू नये

जामखेड - मृगाच्या सरी पडल्या, की अहिल्यानगर जिल्ह्यातील या अवर्षणप्रवण तालुक्यात पेरणीची लगबग सुरू होते. खुरपणीला वेळेवर मजूर मिळत नसल्याने पेरणीपाठोपाठ तणनाशक फवारण्याची पद्धत रूढ झाली आहे. शेतात फवारलेले औषध आणि वस्तीवरील पिण्याचे पाणी यांच्यामध्ये मात्र काही फुटांचीच माती असते. नियंत्रित मुक्तीच्या तणनाशकांचे महत्त्व येथेच आहे.

दख्खनच्या पठारावर पाणी साठते ते मुरुमात आणि बेसाल्ट खडकाच्या भेगांत. उन्हाळ्यात काळ्या जमिनीलाही भेगा पडतात. पहिल्या जोरदार पावसाचे पाणी त्यांतून झरझर खाली जाते. मक्यात वापरले जाणारे अॅट्राझीन मातीला घट्ट चिकटत नाही. साध्या भुकटीच्या फवारणीत त्याची सारी मात्रा पहिल्याच दिवशी मोकळी होते आणि पावसाबरोबर तिचा काही अंश खोल झिरपतो.

नियंत्रित मुक्तीत औषध सूक्ष्म आवरणात बंद केलेले असते. ओलावा मिळेल तसे ते थोडे थोडे बाहेर पडते. त्यामुळे ते तण उगवणाऱ्या वरच्या थरात अधिक काळ टिकते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेने स्टार्चच्या कणांत अॅट्राझीन बंद करण्याची पद्धत विकसित केली होती. जलचर शेवाळापासून मिळणारे अल्जिनेट आणि बेंटोनाइट माती यांच्या मण्यांवरही संशोधन झाले आहे.

आपल्या बाजारात पेंडिमिथॅलीन ३८.७ टक्के हे कुपीबंद तणनाशक मिळते. तथापि पेंडिमिथॅलीन मुळातच मातीला धरून राहते. त्याच्या आवरणाचा मुख्य लाभ म्हणजे ऊन आणि बाष्पीभवन यांमुळे होणारी घट कमी होणे. भूजलाच्या दृष्टीने कुपीची खरी गरज आहे ती अॅट्राझीनसारख्या झिरपणाऱ्या औषधांना.

या उपायालाही मर्यादा आहेत. पावसाने ओढ दिली, तर औषध वेळेवर सुटत नाही आणि तण पुढे निघून जाते. ते जमिनीत फार काळ रेंगाळले, तर पुढील पिकाला बाधा होऊ शकते. आवरण प्लास्टिकचे असेल, तर त्याचे कण मातीत उरतात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये अशा सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध आणले असून, पीकसंरक्षक औषधांना ऑक्टोबर २०३१ पर्यंत मुदत दिली आहे.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात अॅट्राझीनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम, तर युरोपात ती ०.१ मायक्रोग्रॅम आहे. भूजलाच्याच कारणाने युरोपीय संघाने २००४ मध्ये या औषधाला परवानगी नाकारली. विहिरीत उतरलेला हा अंश डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला त्याची चव येत नाही आणि तुरटी फिरवूनही तो जात नाही. तेव्हा कुपीबंद औषध आले, तरी शिफारशीइतकीच मात्रा, विहिरीभोवती न फवारलेला पट्टा आणि पावसाळ्यानंतर पाण्याची तपासणी यांना पर्याय नाही. माती एकदा नांगरून पुन्हा पेरता येते. खडकाच्या भेगांत शिरलेले औषध परत काढता येत नाही.