अडीच सुताची गोटी

श्रोतेहो, 'सूत' हा शब्द तुम्ही सुताराच्या, गवंड्याच्या तोंडी ऐकला असेल. एका इंचाची आठ सुतं. तीन सुती सळई, चार सुती बोल्ट, दीड सुताची फट. देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, शाळेतल्या गणितांतून इंच-फूट गेले, पण हातांनी काम करणाऱ्यांच्या जिभेवरून सूत काही गेलं नाही. माझे मामू मालेगावात यंत्रमागांचे जॉबर होते. मागाखाली आडवे पडून ते हात बाहेर काढत आणि म्हणत, "अडीच सुताची गोटी दे." गोटी म्हणजे सॉकेट, नटावर टोपीसारखा बसणारा पाना. अडीच सूत म्हणजे इंचाचे पाच सोळांश. आता ती गोटी हातात घेऊन तिच्या तोंडाचं माप घ्या, ते पाच सोळांश इंच येत नाही. त्याच्या जवळजवळ दुप्पट येतं! लहानपणी मला हे कोडं वाटायचं. जुन्या यंत्रांसाठी पाने शोधणाऱ्या पुष्कळांना ते आजही पडतं, म्हणून त्याची उकल सांगतो.

सुरुवात करावी लागते इंग्लंडच्या मँचेस्टरपासून. तिथे जोसेफ व्हिटवर्थ नावाचे यंत्रकार होते. त्यांच्या काळी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जात नसे. व्हिटवर्थनी निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ साली एक प्रमाण सुचवलं. आट्याचा कोन ५५ अंश, आणि बोल्टाच्या जाडीनुसार इंचात किती आटे हे ठरलेलं. पाव इंची बोल्टाला वीस, अर्ध्या इंचीला बारा. रेल्वे, गिरण्या, जहाजं, सगळीकडे हेच आटे गेले, आणि ब्रिटिश यंत्रांबरोबर आपल्याकडेही आले.

कोड्याचं उत्तर इथेच आहे. व्हिटवर्थच्या पद्धतीत पान्यावर लिहिलेला आकडा बोल्टाच्या दांड्याची जाडी सांगतो. डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर तो सांगत नाही. रेडिओवर आकृती काढता येत नाही, म्हणून छत्री डोळ्यांसमोर आणा: आकडा दांड्याचा, आणि पाना बसवायचा छत्रीवर. पाव इंची व्हिटवर्थचं डोकं १३.३ मिलिमीटर, अडीच सुतीचं १५.२, तीन सुतीचं १८, साडेतीनचं २०.८ आणि चार सुतीचं २३.४.

अमेरिकेत वेगळंच झालं. तिथल्या पान्यावर डोक्याचं थेट माप असतं. अर्धा इंच लिहिलं असेल तर तोंड अर्ध्या इंचाचं, म्हणजे १२.७ मिलिमीटर. अशा काही पान्यांवर 'एएफ' अशी अक्षरं असतात. व्हिटवर्थच्या पान्यांवर 'डब्ल्यू', 'बीएसडब्ल्यू' किंवा 'बीएसएफ'. 'बीएसएफ' म्हणजे बारीक आट्यांचा ब्रिटिश बोल्ट. त्याचं डोकं एक माप लहान असतं. त्यामुळे एकाच पान्यावर '१/४ डब्ल्यू' आणि '५/१६ बीएस' असे दोन आकडे दिसले तर गोंधळू नका, दोन्ही खरे आहेत. त्यात दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचवायचं म्हणून ब्रिटननं व्हिटवर्थ बोल्टांचीही डोकी एक माप लहान केली. म्हणजे युद्धाआधीच्या आणि युद्धानंतरच्या, त्याच जाडीच्या बोल्टांना वेगवेगळे पाने! ज्यांनी हे ठरवलं त्यांना पुढे पन्नास-साठ वर्षं शिव्या खाव्या लागतील, याची कल्पना नसावी.

आपल्या रस्त्यांवर तर तिन्ही घराणी एकत्र नांदली. मूळची अमेरिकन जीप एएफची. इटालियन वळणाची फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, मेट्रिक. आणि जुनी बुलेट ब्रिटिश वंशाची, तिच्या अंगावर बरेचसे नट व्हिटवर्थ मापांचे.

अशी एक बुलेट आमच्या घरी आहे. अब्बांची, १९६८ सालची. काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावानं ती एका गॅरेजमध्ये दिली. तिथल्या पोराकडे फक्त मेट्रिक गोट्या. तेराची बसेना, म्हणून त्यानं चौदाची घातली आणि दांड्याला पाइप लावून जोर दिला. पाव इंची व्हिटवर्थचं डोकं १३.३ चं, गोटी चौदाची. फरक पाऊण मिलिमीटरच्या आतबाहेरचा. पण तेवढ्यात सहाही कोपरे गोल झाले. मग छिन्नी आली, छिन्नीनं बोल्ट तुटला, तुटलेला तुकडा काढताना केसिंगला चीर गेली. गाडी आठ महिने ताडपत्रीखाली होती, आणि भाव भंगारवाल्याचा ठरत होता. चांगली चालणारी जुनी यंत्रं बऱ्याचदा अशीच मरतात. इंजिन थकलेलं नसतं; कोणीतरी चुकीचा पाना लावलेला असतो. आणि कधी कधी माणसाच्या बोटांवरही निभावतं. मामूंच्या उजव्या हाताच्या सांध्यांवर पाना निसटल्याच्या खुणा मी मोजल्या आहेत.

जवळची मापं कुठे चालतात तेही सांगतो. तीन सुती व्हिटवर्थवर अठराची मेट्रिक गोटी जवळजवळ अचूक बसते. साडेतीनवर एकवीसची चालते. एएफमधल्या पाऊण इंचावर एकोणीसची, पाच सुतावर सोळाची बिनधास्त लावा. पण पाव इंची, अडीच सुती आणि चार सुती व्हिटवर्थला मेट्रिकमध्ये जोडीदार नाही, तिथे खरी गोटीच हवी.

ती मिळते. इंग्लंडची किंग डिक, जपानची कोकेन या कंपन्यांनी व्हिटवर्थ गोट्या नव्यानेही बनवल्या आहेत, पण त्या महाग पडतात. मला जुना माल जास्त आवडतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर विचारा, चोरबाजारात फिरा, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार पाहा. जाताना खिशात व्हर्नियर ठेवा, आणि ज्यासाठी गोटी हवी त्या मापाचा एक न झिजलेला नट. आकड्यावर विश्वास ठेवू नका, नट घालून बघा. गोटी हलली पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. उजेडाकडे धरून आतले कोपरे पाहा. ते गोलावले असतील किंवा तोंडाशी केसासारखी चीर असेल, तर फुकटही घेऊ नका. गोटीच्या तोंडाशी आतून जास्त उतार दिलेला असेल तर पातळ नटावर तिची पकड बसत नाही, हे दुकानदार सांगत नाही.

बारा कोनी गोटीपेक्षा सहा कोनी घ्या. बारा कोनी सोयीची असते, अडचणीच्या जागी पटकन बसते; पण ती कोपऱ्याजवळ जोर देते आणि गंजलेला नट कोपऱ्यातच हरतो. सहा कोनी गोटी सपाट बाजूंना धरते. जुन्या यंत्रांवर चौकोनी नटही भेटतात. त्यांना आठ कोनी गोटी येते, ती दिसली की किंमत न विचारता उचला.

एक गंमत सांगायची राहिली. मेट्रिक गोट्यांचा कोराकरकरीत संच उघडा. गोटी ज्या चौकोनी खुंटीवर बसते ती खुंटी पाव, तीन अष्टमांश किंवा अर्ध्या इंचाचीच असते. जगभर. आणि तुमच्या मोरीतला 'अर्धा इंची' नळ? त्याचे आटे आजही व्हिटवर्थच्याच ५५ अंशांचे आहेत. तो अर्धा इंचही पुन्हा फसवा: नळाच्या आट्याची बाहेरची जाडी भरते जवळजवळ २१ मिलिमीटर. पुढच्या वेळी प्लंबर आला की मोजून बघा.