प्रतिकृतीतील अंतराळयान उजळते कसे?

चित्रपटाच्या पडद्यावर एक अंतराळयान संथपणे सरकत जाते. त्याच्या खिडक्यांतून उजेड दिसतो, टोकावरचे दिवे लुकलुकतात आणि हे यान शेकडो मीटर लांब असले पाहिजे याविषयी आपल्या मनात शंका राहत नाही. वास्तविक ते चित्रीकरणगृहातील एका खांबावर बसविलेले, टेबलाएवढे किंवा फार तर मोटारगाडीएवढे असते. मग आपण फसतो कसे?

विद्यार्थी मित्रहो, दूरच्या वस्तूचा आकार ठरविताना आपला डोळा नेहमी कशाशी तरी तुलना करीत असतो. डोंगर किती उंच हे त्याच्यावरच्या झाडांवरून कळते, इमारत किती मोठी हे तिच्या दारांवरून कळते. अवकाशात झाडेही नाहीत आणि दारेही नाहीत. तेथे तुलनेला उरते ती यानाची उजळलेली खिडकी. खिडकी साधारण माणसाच्या मापाची असते हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून खिडकी जितकी बारीक तितके यान मोठे, असे डोळा आपोआप ठरवितो. प्रतिकृतीमधील दिवे ही केवळ सजावट नव्हे, ती मोजपट्टी आहे. ही मोजपट्टी चुकली की भव्य यानाचे क्षणात खेळणे होते. ती बिनचूक ठेवण्यासाठी जे भौतिकशास्त्र लागते ते बहुतेक सर्व आपल्या शालेय पुस्तकांतच आहे.

एका प्रसिद्ध यानाची गोष्ट

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका १९६६ ते १९६९ या काळात प्रसारित झाली. तिच्यातील ‘एंटरप्राइज’ या यानाची मोठी प्रतिकृती १९६४ च्या अखेरीस तयार झाली. ती सुमारे ३.४ मीटर लांब असून मुख्यतः लाकडाची आहे. कथेतील यान सुमारे २८९ मीटर लांब मानलेले आहे. म्हणजे प्रतिकृतीचे प्रमाण साधारण १:८५ पडते.

आरंभी या प्रतिकृतीत दिवे नव्हते, ते नंतर बसविण्यात आले. त्या काळी हाताशी होते ते तापलेल्या तारेचे छोटे दिवे. यानाच्या दोन लांब नळकांड्यांच्या पुढच्या टोकांना धुरकट घुमट होते. त्यांच्या आत नाताळच्या झाडावर लावतात तसले रंगीत दिवे, आरशाचे तुकडे आणि मोटरवर फिरणारी पाती बसविली होती. आपल्याकडे गणपतीच्या मखराला दिव्यांची जी माळ लावतात तिचेच हे भावंड. पण दिवे आणि पाती यांच्या खेळामुळे आत काहीतरी प्रचंड शक्तीने फिरत असल्याचा भास होई.

या सगळ्या दिव्यांच्या तारा यानाच्या डाव्या अंगाने बाहेर काढल्या होत्या. त्यामुळे ती बाजू अपुरीच राहिली आणि चित्रीकरण उजव्या बाजूने करावे लागले. दिवे बसविण्याआधी ‘तारा कोठून जाणार?’ हा प्रश्न विचारावा लागतो, हा धडा यातून घेण्यासारखा आहे. ही प्रतिकृती १९७४ मध्ये अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेकडे आली. २०१६ मध्ये तिचे जे जीर्णोद्धाराचे काम पूर्ण झाले त्यात आतील दिव्यांच्या जागी एलईडी बसविण्यात आले.

१९७९ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात आणखी एक विचार पुढे आला. ताऱ्यांपासून दूर, काळोख्या अवकाशात यानावर बाहेरून प्रकाश टाकणार कोण? तेव्हा यानाने आपल्याच दिव्यांनी आपले अंग उजळावे, असे ठरले. डग्लस ट्रंबुल यांच्या गटाने दंतवैद्याकडे असतात तसे चिमुकले आरसे वापरून प्रकाशाचे बारीक झोत प्रतिकृतीच्या पृष्ठभागावर नेमके पाडले. परावर्तनाचा साधा नियम येथे कलावंताच्या उपयोगी पडला.

तापलेली तार आणि थंड प्रकाश

तारेच्या दिव्याला दिलेल्या ऊर्जेपैकी फारच थोडी ऊर्जा दृश्य प्रकाशात जाते, उरलेली बहुतेक उष्णतेत. प्रतिकृतींच्या संचांत वापरतात ते पॉलिस्टायरीन हे प्लास्टिक सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. बंद कवचात तारेचे अनेक दिवे लावले तर कवच वाकण्याची भीती असते.

प्रकाश उत्सर्जक डायोड, म्हणजे एलईडी, यात तार नसते. अर्धवाहकाच्या दोन थरांच्या सीमेवर इलेक्ट्रॉन खालच्या ऊर्जापातळीवर येतो आणि सुटलेली ऊर्जा थेट प्रकाशरूपाने बाहेर पडते. दृश्य तांबडा प्रकाश देणारा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये केला. तेजस्वी निळ्या एलईडीसाठी मात्र १९९० चे दशक उजाडावे लागले. त्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळा प्रकाश देणाऱ्या स्फुरदीप्त पदार्थाचा लेप दिला की दोन्ही मिळून पांढरा प्रकाश दिसतो. प्रतिकृतीच्या खिडक्यांना आपण वापरतो तो एलईडी हाच. त्याचा प्रकाश निळसर वाटला तर त्यावर पारदर्शक पिवळ्या रंगाचा पातळ हात द्यावा.

रोधक हवाच

एलईडी ९ व्होल्टच्या बॅटरीला सरळ जोडला तर तो क्षणभर चमकून निकामी होतो. विभवांतर थोडेसे वाढले तरी त्यातील प्रवाह अनेक पटींनी वाढतो, हे त्याचे कारण. प्रवाहाला आवर घालण्यासाठी एकसर जोडणीत एक रोधक घालतात.

पांढऱ्या एलईडीवर सुमारे ३ व्होल्ट लागतात. बॅटरी ९ व्होल्टची असल्यास ६ व्होल्ट रोधकावर पडले पाहिजेत. प्रवाह १० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०१ अँपिअर हवा असेल तर ओहमच्या नियमाने रोध = ६ ÷ ०.०१ = ६०० ओहम. बाजारात सहज मिळणारी जवळची मोठी किंमत ६८० ओहम. ती घेतल्यास प्रवाह सुमारे ९ मिलिअँपिअर होतो आणि तो पुरेसा आहे. एलईडीचा लांब पाय धन बाजूला जोडावा.

दोन पांढरे एलईडी एकसर जोडले तर त्यांच्यावर ६ व्होल्ट जातात, उरलेल्या ३ व्होल्टसाठी ३३० ओहमचा रोधक पुरतो. तेवढ्याच प्रवाहात दोन दिवे लागतात. तीन पांढरे एकसर जोडले तर मात्र रोधकासाठी काहीच उरत नाही, आणि बॅटरी किंचित उतरली की दिवे मंदावतात. तांबड्या एलईडीला सुमारे २ व्होल्टच लागतात, म्हणून ते तीन एकसर जोडता येतात.

आता एक गंमत करून पाहा. एकाच ६८० ओहमच्या रोधकापुढे एक तांबडा आणि एक पांढरा एलईडी समांतर जोडा. तांबडा लागेल, पांढरा लागणार नाही. तांबड्याने आपल्या टोकांमधील विभवांतर २ व्होल्टवर धरून ठेवले, तेवढ्यावर पांढरा चालत नाही. म्हणूनच समांतर जोडणीत प्रत्येक शाखेला स्वतंत्र रोधक द्यावा लागतो.

एक दिवा, अनेक खिडक्या

समजा, एंटरप्राइजची १:१००० प्रमाणातील प्रतिकृती आपण केली. तिची लांबी सुमारे २९ सेंटिमीटर होईल. तिच्यात ५ मिलिमीटर व्यासाचा नेहमीचा एलईडी खिडकी म्हणून बसविला तर तो ५ मीटर व्यासाच्या खिडकीसारखा दिसेल! मोजपट्टी बिघडली. येथे प्रकाशतंतू कामास येतात. अर्ध्या मिलिमीटरचा तंतू याच प्रमाणात अर्ध्या मीटरची खिडकी होतो.

प्लास्टिकच्या प्रकाशतंतूच्या गाभ्याचा अपवर्तनांक सुमारे १.४९ आणि त्याच्या आवरणाचा सुमारे १.४० असतो. या दोहोंवरून क्रांतिक कोन सुमारे ७० अंश येतो. तंतूच्या भिंतीवर याहून मोठ्या कोनाने पडणाऱ्या किरणाचे पूर्ण आंतरिक परावर्तन होते आणि तो असाच उड्या घेत दुसऱ्या टोकाला पोचतो. मात्र असे होण्यासाठी किरण तंतूच्या तोंडाशी अक्षापासून सुमारे ३० अंशांच्या आत शिरला पाहिजे. म्हणून तंतूंची जुडी नीट सपाट कापून एलईडीच्या अगदी समोर धरावी, तिरकी नव्हे.

तंतू फार आखूड वळणाने वाकविला तर आपाती कोन क्रांतिक कोनाहून कमी होतो आणि प्रकाश वळणावरच गळतो. बाहेर येणारा प्रकाशही ३० अंशांच्या शंकूतच येतो, त्यामुळे बाजूने पाहिल्यास खिडकी विझल्यासारखी भासते. यावर युक्ती अशी, की तंतूचे टोक तापलेल्या डाखणीजवळ, पण तिला न चिकटविता, क्षणभर धरावे. ते भिंगासारखे गोल होते आणि प्रकाश अधिक पसरतो. तंतू चिकटविण्यास झटपट वाळणारा गोंद वापरू नये, त्याने तंतू ठिसूळ होतो. लाकडाला लावतात तो पांढरा गोंद चांगला.

गळका उजेड

एलईडी कवचात बसविला आणि खोलीत अंधार केला की पहिल्या प्रयत्नात बहुधा सगळे यानच कंदिलासारखे उजळते. आकाशकंदिलात हे हवे असते, यानात नको असते. पातळ पॉलिस्टायरीन अर्धपारदर्शक असल्यामुळे असे होते. यानाचे कवच पोलादी असल्याचा भास या एका गोष्टीने नाहीसा होतो. म्हणून कवचाला आतून प्रथम काळा रंग द्यावा, तो प्रकाश अडवितो. तो वाळल्यावर त्यावर पांढरा किंवा चंदेरी रंग द्यावा, तो प्रकाश परत आत परावर्तित करतो. जोडांच्या फटी बुजवाव्यात. कवच चिकटविण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत परीक्षा घ्यावी, नंतर आत हात पोचत नाही.

लुकलुकणारे दिवे

जहाजाप्रमाणे आणि विमानाप्रमाणे कल्पित यानांनाही डाव्या बाजूस तांबडा आणि उजव्या बाजूस हिरवा दिवा देतात. समोरून येणारे वाहन कोणत्या दिशेला तोंड करून आहे हे या दोन रंगांवरून रात्रीही कळते.

दिवा लुकलुकविण्यासाठी ५५५ ही आयसी उत्तम. ती १९७१–७२ च्या सुमारास हान्स कामेनझिंड यांनी रचली आणि आजही सर्वत्र मिळते. तिच्या पायांची जोडणी अशी: ८ आणि ४ धन अग्राला, १ ऋण अग्राला. ८ व ७ यांच्यामध्ये १० किलोओहम, ७ व ६ यांच्यामध्ये ६८ किलोओहम. २ व ६ एकमेकांस जोडून तेथून १० मायक्रोफॅरडचे धारित्र ऋण अग्राकडे, धारित्राची धन बाजू ६ कडे. ५ पासून ०.०१ मायक्रोफॅरडचे धारित्र ऋण अग्राकडे. ३ पासून ४७० ओहमच्या रोधकातून एलईडी ऋण अग्राकडे.

दोन्ही रोधकांतून धारित्र भरत असता दिवा लागलेला राहतो, दुसऱ्या रोधकातून ते रिकामे होत असता दिवा विझतो. लागण्याचा काळ ०.६९३ × ७८,००० × ०.००००१, म्हणजे सुमारे ०.५४ सेकंद. विझण्याचा काळ याच रीतीने ६८,००० घेऊन सुमारे ०.४७ सेकंद. धारित्र निम्मे केले तर लुकलुक दुप्पट वेगाने होईल. मोठ्या यानाला मात्र संथ लुकलुकच शोभते.

विजेचा हिशेब

चोवीस खिडक्यांसाठी चोवीस एलईडी वेगवेगळे जोडले तर सुमारे २१० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. दोन दोन एकसर जोडले तर तो निम्मा होतो. एकाच एलईडीपुढे चोवीस तंतूंची जुडी धरली तर अवघे ९ मिलिअँपिअर पुरतात. ९ व्होल्टच्या लहान अल्कलाइन बॅटरीची क्षमता मंद वापरात ५०० मिलिअँपिअर-ताससुद्धा धरली, तरी पहिल्या रचनेत ती दोन-अडीच तासही पुरणार नाही, आणि भारी प्रवाहात क्षमता आणखी घटते. तिसऱ्या रचनेत तीच बॅटरी पन्नास तासांच्या आसपास चालेल. विज्ञान प्रदर्शनात दिवसभर प्रतिकृती उजळती ठेवायची असेल तर हा हिशेब आधी मांडावा. अधिक क्षमता हवी असल्यास सहा पेन्सिल सेल एकसर जोडावेत. घरातील २३० व्होल्टची वीज मात्र प्रतिकृतीत कधीही आणू नये.

प्रवाह चौथाईवर आणला तरी डोळ्याला दिवा चौथाईइतका मंद वाटत नाही, कारण डोळ्याची संवेदना प्रकाशाच्या प्रमाणात सरळ वाढत वा घटत नाही. म्हणून मोठा रोधक घालून दिवे मंद करून पाहा. बॅटरी अधिक टिकेल आणि गंमत म्हणजे यानही अधिक मोठे वाटेल. भगभगीत खिडकी डोळ्याला दिव्याची आठवण करून देते, सौम्य खिडकी तिच्या आत कोणीतरी राहत असल्याची.