रायफल नेमबाजीचा ओनामा

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल तीन अवस्था या प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक पटकाविले. या प्रकारात भारताला मिळालेले हे पहिलेच ऑलिंपिक पदक होय. स्वप्नील हा कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडी या लहानशा गावचा. पदक मिळाले त्या वेळी त्याचे वडील शिक्षक, तर आई गावच्या सरपंच होत्या. २००९ मध्ये राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत त्याची निवड झाली आणि तेथे त्याने नेमबाजीची वाट धरली.

ज्याची नजर तीक्ष्ण आणि हात स्थिर आहे, असा एखादा मुलगा वा मुलगी यावल, चोपडा, शिरपूर किंवा साक्री तालुक्यातील शाळेच्या बाकावरही आज बसलेली असेल. त्या मुलाला आपल्या अंगच्या गुणाची ओळख व्हावी कशी, हा खरा प्रश्न आहे. बंदूक म्हणजे भय, ही समजूत सर्वसामान्य कुटुंबात रुजलेली असते आणि ती सर्वस्वी चुकीची आहे असेही नाही. म्हणूनच या खेळाची सुरुवात कोठून आणि कोणत्या शिस्तीत करावी, हे गावातील जाणत्या मंडळींना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

खेळाचे स्वरूप

स्वप्नील ज्या रायफलने खेळतो ती ‘पॉइंट टू-टू’ या नावाने ओळखली जाते. तिच्या काडतुसाला रिमफायर म्हणतात. खानदेशातील वाचकांना काडतूस हा शब्द नवा नाही. भुसावळ तालुक्यातील वरणगावचा आयुध निर्माणी कारखाना १९६४ पासून उभा असून तेथे लष्करी बंदुकांची काडतुसे तयार होतात. त्या काडतुसांच्या बुडाशी मध्यभागी एक लहान टोपी असते व तिच्यावर आघात होताच दारू पेट घेते. रिमफायर काडतुसात अशी टोपी नसते. पेट घेणारे द्रव्य बुडाच्या कडेत भरलेले असते. त्यासाठी काडतुसाचे कवच पातळ ठेवावे लागते, त्यामुळे आतील दाबही कमी असतो. परिणामी धक्का सौम्य, आवाज बेताचा आणि काडतूस तुलनेने स्वस्त, असा तिहेरी लाभ होतो. शिकाऊ नेमबाजाला हे काडतूस सोयीचे वाटते ते याच कारणाने.

लक्ष्याचे काळे वर्तुळ ११२.४ मिलिमीटर व्यासाचे असते. त्याच्या केंद्रस्थानी दहा गुणांचे वर्तुळ असून त्याचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढा असतो. ५० मीटरवरून तेथे गोळी पोचवायची असते. ऑलिंपिकमधील प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून अशा तीन अवस्थांत हे साधावे लागते.

याच रायफलचा ‘बेंचरेस्ट’ नावाचा दुसरा एक प्रकार परदेशांत छंद म्हणून लोकप्रिय आहे. त्यात खेळाडू टेबलाशी स्टुलावर बसतो. रायफलचा पुढील भाग टेकूवर आणि दस्त्याचा मागील भाग वाळूच्या पिशवीवर ठेवलेला असतो. एका कागदावर २५ लक्ष्ये असतात व प्रत्येकावर एकच गोळी झाडून जास्तीत जास्त २५० गुण मिळविता येतात. शरीराचा भार टेकूवर गेल्याने उतारवयातील किंवा शारीरिक मर्यादा असलेल्या व्यक्तींनाही हा प्रकार झेपतो. तो ऑलिंपिकमध्ये नसला तरी वारा ओळखणे आणि चाप अलगद दाबणे या गोष्टी त्यातून उत्तम शिकता येतात.

वाऱ्याची परीक्षा

या काडतुसातील गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची असते. स्पर्धेसाठीच्या काडतुसात तिचा वेग ध्वनीच्या वेगाहून किंचित कमी ठेवलेला असतो. ताशी १५ किलोमीटर वेगाचा आडवा वारा तिला ५० मीटरच्या अंतरात दोन सेंटिमीटरांहून अधिक बाजूला नेतो. दहा गुणांची गोळी आठ गुणांवर जाण्यास एवढे पुरेसे असते. म्हणून अनुभवी नेमबाज वाटेतील छोट्या निशाणांकडे पाहून वाऱ्याचा अंदाज घेतो आणि वारा ओळखीचा झाल्यावरच चाप दाबतो. चैत्र-वैशाखात तापीच्या खोऱ्यात भर दुपारी उष्ण वारे वाहतात आणि तापलेल्या जमिनीवरील हवेच्या लहरींमुळे लक्ष्य हलताना दिसते. त्या दिवसांत सकाळची वेळ सरावाला सर्वांत अनुकूल ठरते.

आरंभ कोठून करावा?

नवशिक्याने प्रथम रायफल विकत घेण्याच्या मागे लागू नये. पहिली पायरी १० मीटर एअर रायफलची. तिच्यात दारू नसते. दाबलेल्या हवेच्या जोरावर ४.५ मिलिमीटरचा छर्रा सुटतो. पंधरा मीटर लांबीचा, एकच प्रवेशद्वार असलेला सभागृहही या सरावाला पुरतो. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर उंचीवर ठेवतात व त्यामागे छर्रे अडविणारी भक्कम पेटी बसवितात.

दुसरी वाट राष्ट्रीय छात्रसेनेची. छात्रसैनिकांना प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली चांदमारीवर पॉइंट टू-टू रायफल हाताळण्यास मिळते. २००२ मध्ये म्युनिक येथे ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ हा किताब जिंकणाऱ्या मुंबईच्या अंजली भागवत यांची नेमबाजीशी ओळख छात्रसेनेतूनच झाली. २०१० मध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळविणाऱ्या तेजस्विनी सावंत याही महाराष्ट्राच्याच, कोल्हापूरच्या.

पहिल्या महिन्यात गुणांकडे पाहू नये. पाच गोळ्या एकमेकींजवळ पडल्या की नाहीत, एवढेच पाहावे. त्या जवळजवळ पडू लागल्यावर दर्शिका फिरवून तो पुंजका मध्यावर आणणे सोपे असते. श्वास अर्धा सोडून क्षणभर रोखावा, चाप झटक्याने न ओढता हळूहळू दाबावा आणि गोळी सुटल्यानंतरही क्षणभर नजर लक्ष्यावरून हलवू नये. बहुतेक रिमफायर रायफली रिकाम्या असताना चाप ओढून सराव करू नये. आघाताची सुई कडेवर आदळून नळीच्या तोंडाला इजा पोचते.

कायदा आणि सुरक्षितता

पॉइंट टू-टू रायफलसाठी १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना आवश्यक असतो. त्यासाठी जिल्हादंडाधिकारी कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. २१ वर्षांखालील व्यक्तीस सर्वसाधारणपणे बंदूक बाळगता येत नाही. मात्र विहित वयानंतर, विहित अटींवर, प्रशिक्षणापुरता तिचा वापर करण्याची तरतूद अधिनियमात आहे. ठरावीक मर्यादेतील एअर रायफलला परवाना लागत नसला तरी खरेदीपूर्वी चालू नियमांची खात्री करून घेणे इष्ट होय.

ही गोळी लहान असली तरी दीड किलोमीटरहून दूर जाऊ शकते. शेतात, माळावर किंवा नदीकाठी तिचा सराव करणे म्हणजे जनावरे चारणाऱ्या मुलाच्या जिवाशी खेळणे होय. मातीचा उंच बांध असलेली, मान्यताप्राप्त चांदमारी हीच तिची जागा. पाखरांवर छर्रे झाडणे हा तर खेळ नव्हेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली तो शिक्षेस पात्र अपराध ठरू शकतो. रायफल नेहमी भरलेली आहे असेच मानावे, नळीचे तोंड लक्ष्याच्या दिशेलाच ठेवावे, नेम धरेपर्यंत बोट चापावर नेऊ नये, आणि सरावानंतर हातांवरील शिसे साबणाने धुऊन टाकावे. हे नियम पाठ होईपर्यंत कोणाच्याही हाती रायफल देऊ नये.

शाळा आणि पंचायत

शालेय क्रीडास्पर्धांत रायफल नेमबाजीचा समावेश आहे. शिक्षकांनी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडून त्यांचे वेळापत्रक व क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्यांची माहिती वेळेवर मिळवावी. वर्गात शांत बसून एकच काम दीर्घकाळ करू शकणारा विद्यार्थी कोण, हे शिक्षकाइतके दुसऱ्या कोणास कळणार? ज्याची चपळाईच्या खेळात निवड होत नाही, असा मुलगाही या खेळात पुढे येऊ शकतो. मुली तर यात मुलांच्या बरोबरीने उभ्या राहतात.

पंचायत सदस्यांनी प्रत्येक गावात चांदमारी मागण्याचे कारण नाही. दोन-चार शाळांना मिळून वापरता येईल असा एक सुरक्षित सभागृह, कुलूपबंद कपाट आणि प्रशिक्षित मार्गदर्शक यांची व्यवस्था झाली, तरी आरंभापुरते भागते. पुढे ५० मीटरच्या सरावासाठी पुण्याच्या बालेवाडीसारख्या ठिकाणी जावे लागेल. त्या वेळी प्रवासखर्चाअभावी एखाद्या मुलाचा खेळ मध्येच सुटू नये, याची काळजी मात्र गावाने आधीच घ्यावयास हवी. पदक प्रत्येकाला मिळत नाही. श्वासावर ताबा, कायद्याचा आदर आणि हाती शक्ती असताना संयम, एवढे मात्र चांदमारीवरून परतणारा प्रत्येक विद्यार्थी सोबत घेऊन येतो.