हमीचा कागद

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक बाई येतात. सगळे त्यांना आक्का म्हणतात. वय पन्नाशीच्या पुढचे. सहा महिन्यांपूर्वी त्यांना स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते. आता जोडाक्षरे सोडली तर बाकीचे वाचतात.

एका संध्याकाळी वर्ग सुटल्यावर आक्का मागे थांबल्या. पिशवीतून एक पाकीट काढले आणि म्हणाल्या, "गुरुजी, लेकीचे कागद आहेत. कॅनडाचे. जरा बघता का?"

त्यांची लेक माझीच विद्यार्थिनी. तिचा पहिला नवरा अपघातात गेला. पदरी आठ वर्षांचा मुलगा. गेल्या वर्षी तिचे दुसरे लग्न झाले. जावई कॅनडाचा नागरिक आहे. आता तिला तिकडे कायमचे नेण्यासाठी अर्ज करायचा होता.

"मग अडलं कुठं?" मी विचारले.

"मध्यस्थ म्हणतो, पोराचं नाव कागदात घालू नका. काम लांबंल. आधी बाईला जाऊ द्या, पोराला मागनं नेता येईल. खरं का हो, गुरुजी?"

"अजिबात खरं नाही, आक्का. त्यात मोठा धोका आहे. बसा, सांगतो."

आक्कांना जे सांगितले, तेच इथे सर्वांसाठी लिहितो. आता खेड्यापाड्यांतल्या मुलीही लग्न करून परदेशी जातात. प्रत्येक देशाचे नियम निराळे असतात. इथे सांगतो ते कॅनडाचे.

कायम रहिवासी म्हणजे कोण?

पाहुणा येतो आणि जातो. कायम रहिवाशाला मात्र तिथे घर करून राहता येते, नोकरी करता येते, मुलांना शाळेत घालता येते. त्याचा पासपोर्ट भारताचाच राहतो. त्याला तिथे मत देता येत नाही. हा हक्क टिकवायचा तर पाच वर्षांत साधारणपणे ७३० दिवस तिथे राहावे लागते.

हमी कोण देतो, कशाची देतो?

नवरा हमीदार होतो. तो १८ वर्षांचा किंवा त्याहून मोठा आणि तिथला नागरिक किंवा कायम रहिवासी असला पाहिजे. तो सरकारला लिहून देतो, "माझ्या बायकोच्या अन्नवस्त्राचा आणि निवाऱ्याचा खर्च मी करीन." बायकोसाठी ही हमी तीन वर्षांची असते. बायकोच्या लहान मुलासाठी ती दहा वर्षांची, किंवा मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत, यांत जे आधी येईल तोवर. क्वेबेक या प्रांताचे हमीचे नियम वेगळे आहेत.

मधेच काडीमोड झाला तरी हमी सुटत नाही. बायकोला सरकारी मदत घ्यावी लागली, तर सरकार तो पैसा नवऱ्याकडून वसूल करू शकते.

आपल्याकडे सोसायटीच्या कर्जाला माणूस जामीन राहतो. म्हणून कर्जदार काही जामिनाचा गडी होत नाही. तसेच हे आहे. हमी हा नवऱ्याने सरकारला दिलेला शब्द आहे. बायको त्याने विकत घेतलेली नाही.

अर्ज दोन, सह्या दोन

नवऱ्याचा अर्ज हमीचा. बायकोचा अर्ज कायम राहण्याचा. दोन्ही एकत्र पाठवतात. बायकोच्या अर्जात जे लिहिले असेल त्याची जबाबदारी तिची. म्हणून कोऱ्या कागदावर सही करू नये. आधी सगळे वाचून घ्यावे, मग सही करावी.

लग्न खरे आहे का, हे अधिकारी पाहतो. घरच्यांनी जमवलेले लग्न चालते. लग्न कोणी जमवले, कोण कोण आले होते, नवराबायको एकमेकांना कितपत ओळखतात, हे तो विचारतो. म्हणून लग्नपत्रिका, फोटो, पत्रे, फोनच्या नोंदी, पाठवलेल्या पैशांच्या पावत्या जपून ठेवाव्यात. लग्नाला नवरा व नवरी दोघेही हजर असले पाहिजेत. फोनवर लावलेले लग्न २०१५ पासून कॅनडा या कामी धरत नाही.

लग्नाची नोंदणी करून दाखला घ्यावा. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे. खेड्यात ही नोंद ग्रामपंचायतीत होते. मराठी दाखल्यांचे इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर जोडावे लागते. पोलिसांचा दाखला लागतो आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात. तब्येतीची तपासणी कॅनडा सरकारने नेमलेल्या डॉक्टरकडेच करावी लागते. उपचार खर्चाचे आहेत एवढ्या कारणावरून बायकोला किंवा मुलाला नाकारत नाहीत. म्हणून आजारही लपवू नये.

मुलाचे नाव का लिहायचे?

आता मुख्य गोष्ट. आईच्या अर्जात तिच्या प्रत्येक मुलाचे नाव लिहावे लागते. मुलगा बरोबर जाणार नसला तरीही. २२ वर्षांखालच्या अविवाहित मुलाची तब्येतही तपासावी लागते. नाव लपवून आई तिकडे गेली, तर पुढे त्या मुलाला आणण्यासाठी तिला हमी देता येत नाही. मूळ नियम असा आहे. २०१९ साली काही जणांना तात्पुरती सवलत मिळाली. पण सवलतीच्या भरवशावर कोणी आपले मूल मागे ठेवू नये.

लबाडी आधीच उघडकीला आली, तर अर्ज नामंजूर होतो आणि पाच वर्षे बंदी येऊ शकते. नंतर उघडकीला आली, तर मिळालेला हक्कही जाऊ शकतो.

या मुलाचे वडील हयात नाहीत. त्यांच्या मृत्यूचा दाखला जोडायचा. ते हयात असते, तर त्यांची लेखी संमती लागली असती.

तिकडे गेल्यावर

आक्कांनी हळूच विचारले, "आणि जावयानं उद्या घालवून दिलं तर?"

हा प्रश्न प्रत्येक आईच्या मनात असतो. कायम रहिवासाचा हक्क मिळण्याआधी नवरा हमी मागे घेऊ शकतो. हक्क मिळाल्यावर त्याला तो काढून घेता येत नाही. २०१२ ते २०१७ या काळात काही जोडप्यांना दोन वर्षे एकत्र राहण्याची अट होती. ती २०१७ साली रद्द झाली. लग्न खरे असेल, तर मारझोड सोसत राहण्याची गरज नाही. घर सोडले म्हणून देश सोडावा लागत नाही. संकटात ९११ हा नंबर फिरवावा. मुलीने आपला पासपोर्ट आणि कागद स्वतःजवळ ठेवावेत. त्यांच्या नकला माहेरी ठेवाव्यात.

शेवटी मध्यस्थाविषयी. अर्जाचे कोरे नमुने सरकार फुकट देते. पैसे घेऊन हे काम करण्याचा अधिकार फक्त कॅनडात नोंदलेल्या सल्लागारांना व वकिलांना आहे. बाकीच्यांना पैसे देऊ नयेत. आणि कोणीही खोटे लिहा म्हणाला, तर तिथूनच परत फिरावे.

आठ दिवसांनी आक्का लेकीला घेऊन आल्या. अर्ज पुन्हा भरला. मुलांच्या रकान्यात लेकीने इंग्रजीत नाव लिहिले. आक्कांना ती अक्षरे येत नव्हती. मी शेजारी कागदावर तेच नाव मराठीत लिहिले. आक्कांनी त्यावर बोट ठेवले. एक एक अक्षर लावीत त्यांनी नातवाचे नाव वाचले. मग पुन्हा एकदा वाचले.

"आता घाला पाकिटात," त्या म्हणाल्या.