दीड वर्षाच्या तंत्राला चार वर्षांचा अनुभव

गोंदियाहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला उतरणारे तरुण अभियंते आता नित्याचेच झाले आहेत. तिरोडा, आमगाव, गोंदिया येथील घरांतून निघालेल्या या मुलांच्या हाती पदवी असते. जाहिरातीत मागणी असते ती अनुभवाची. आणि पुष्कळदा तंत्रज्ञानच कालपरवा जन्मलेले असते.

2020 साली याचे एक उदाहरण जगभर गाजले. संगणकीय सेवा उभारण्याचे 'फास्टएपीआय' हे साधन सेबास्टियन रामिरेझ यांनी निर्माण केले. त्याच साधनाचा चार वर्षांहून अधिक अनुभव मागणारी जाहिरात त्यांच्या पाहण्यात आली. साधन निर्माण करून दीडच वर्ष झाले असल्याने आपण स्वतःच या नोकरीस अपात्र ठरतो, असे त्यांनी जाहीरपणे लिहिले. 'कुबरनेटिस' ही प्रणाली 2014 मध्ये लोकांसमोर आली. 2020 मध्ये तिच्या बारा वर्षांच्या अनुभवाची मागणी झाली. चॅटजीपीटी 30 नोव्हेंबर 2022 रोजी खुले झाले, एवढे ध्यानात ठेवले तरी आजच्या जाहिराती घरबसल्या पडताळता येतात.

यामागे बहुधा दुष्ट हेतू नसतो. जाहिरात लिहिणाऱ्यास तंत्र ठाऊक नसते, जुना मजकूर उतरवला जातो, अर्जांची गर्दी कमी व्हावी म्हणून आकडा वाढवला जातो. मोठ्या शहरात वावरलेला उमेदवार हे ओळखून बिनदिक्कत अर्ज करतो. छापील शब्दाला मान देण्याचा संस्कार लाभलेला मुलगा मात्र ती अट खरी मानतो आणि मागे राहतो. दुसरी वाट खोट्या अनुभव प्रमाणपत्राची असते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये 'कूटलेखक्रिया', म्हणजे खोटा लेख तयार करणे, स्पष्ट गणली आहे. प्रमाणपत्र विकत घेणाऱ्या तरुणाचा दोष उघडच आहे. परंतु जैन आचारविचार कृत, कारित आणि अनुमोदित अशा तिन्ही अंगांनी दोष तपासतो. जी अट खरे बोलून पूर्णच होऊ शकत नाही, ती घालणाऱ्याकडे 'कारित'चा वाटा जात नाही काय? आपल्या समाजात मालकाच्या गादीवर बसणारे पुष्कळ आहेत. म्हणून हा प्रश्न परका नाही.

गोंदियातील राइस मिलवाल्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही. कॅमेऱ्याच्या साहाय्याने दाणे निवडणारे सॉर्टेक्स यंत्र गिरणीत प्रथम येते, तेव्हा ते चालवण्याचा अनुभव तेथे कुणालाच नसतो. कणी आणि डागी दाणा नजरेने ओळखणारा जुना माणूसच ते शिकून घेतो. त्याला यंत्राची वर्षे कोणी विचारत नाही. तांदळाची जाण विचारतात.

नव्या तंत्राच्या नोकरीसाठीही उमेदवाराने काय बनवले आहे ते पाहता येते, अर्ध्या दिवसाचे काम देऊन पारख करता येते. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरास दरमहा 10,000 रुपये विद्यावेतन ठेवले होते. अशा योजनेतून नवख्यास पहिला अनुभव देणारा मालकच असतो. आणि मुलांनी 'अनुभव' या शब्दापुढे खरा आकडा लिहावा, आठ महिने तर आठ महिने, व त्याखाली स्वतः केलेले काम जोडून अर्ज अवश्य पाठवावा.