बिनपरवान्याचा शिकारी
अमेरिकेतील ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यानात एल्क हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी १९५०च्या कायद्याने परवानाधारक शिकाऱ्यांना मुभा दिली; तिथले लांडगे माणसाने आधीच संपवले होते. आपल्या १९७२च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानात शिकारीला मनाई आहे. बोरिवलीच्या सुमारे १०४ चौ.कि.मी. जंगलात चितळ-सांबरांवर वचक आहे तो बिबट्याचा. कचऱ्यावर पोसलेल्या भटक्या कुत्र्यांमागे तोच वस्तीपर्यंत येतो. २००४मध्ये त्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली आणि पिंजऱ्यांची मागणी वाढली. पण एक बिबट्या हलवला, की त्याची मोकळी हद्द दुसरा बळकावतो आणि हलवलेला परक्या मुलखात भरकटतो. पिंजऱ्याहून खात्रीचा उपाय साधा आहे: मुलुंड-बोरिवलीच्या जंगलकाठचा कचरा रोज उचलणे आणि अंधारात मुलांना एकटे न सोडणे.